दिवाणखान्यातला अबोल डबा

आमच्या घरी १९९४ सालची एक व्हिडिओ कॅसेट आहे, मावशीच्या लग्नाची. तिच्यातल्या दोन मिनिटांच्या एका तुकड्यासाठी ती कॅसेट आम्ही जिवापाड जपली. हळद दळायला बसलेली आजी जात्याचा खुंटा धरून ओव्या म्हणते आहे. कॅमेरेवाला दाराशी उभा, माइक कॅमेऱ्यातच बसवलेला, आजूबाजूला बायकांची कुजबुज. त्यामुळे आजीचा आवाज अगदी बारीक आला आहे. जात्याची घरघर आणि तिच्यावर तरंगणारा तो सूर, एवढंच.

काही वर्षांपूर्वी ती कॅसेट संगणकावर उतरवून घेतली आणि सगळ्यांना एकत्र बसून बघता यावी म्हणून जुना डेस्कटॉप उचलून हॉलमधल्या टीव्हीला जोडला. चित्र छान दिसलं. ओव्या मात्र ऐकू येईनात. कॅबिनेटमधले तीन पंखे आणि एक हार्ड डिस्क मिळून जो आवाज करत होते, त्यात जातंही बुडालं आणि आजीचा सूरही. टीव्हीचा आवाज वाढवला तर कॅसेटची खरखर वाढली.

टीव्हीखाली मावेल एवढा लहान आणि अजिबात आवाज न करणारा संगणक बनवायचा ध्यास तेव्हापासून लागला. सुरुवातीला वाटलं, चांगल्या प्रतीचा पंखा आणून बसवला की काम झालं. पण पंखा फिरतो तो उष्णता बाहेर काढायला. उष्णता होते ती चिप वीज खाते म्हणून. आणि चिप वीज खाते ती सिनेमातलं एकेक चित्र उलगडण्याचं गणित करताना. ही साखळी उलट्या बाजूनं धरत गेलो आणि थक्क झालो. हॉलमधल्या शांततेचं मूळ पंख्याच्या पात्यात नव्हतं, ते निघालं गणितात.

कान किती तिखट

आधी शत्रू किती बारीक आहे ते बघू. आवाज म्हणजे हवेच्या दाबातली थरथर. तरुण, निरोगी कानाला ऐकू येणारा सर्वात मंद आवाज २० मायक्रोपास्कल दाबाचा असतो. आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाचे पाच अब्ज भाग केले तर त्यातला जेमतेम एक. एवढ्याशा थरथरीनं कानाचा पडदा जितका हलतो, ते अंतर अणूच्या व्यासापेक्षाही कमी असतं. इतकं नाजूक यंत्र आपण डोक्याच्या दोन्ही बाजूंना घेऊन फिरतो, आणि त्याच्यासमोर संगणक ठेवून म्हणतो, आवाज करू नकोस!

या २० मायक्रोपास्कलला शून्य डेसिबल म्हणतात. डेसिबलची मोजपट्टी गुणाकाराची आहे. १० डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दसपट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. सारखाच आवाज करणारे दोन पंखे शेजारी ठेवले तर आकडा दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबलनं वाढतो. रात्री सामसूम झाल्यावर घरातली खोली ३० डेसिबलच्या आसपास असते. यंत्र २० डेसिबलच्या खाली गेलं, की त्या सामसुमीत विरून जातं.

कुणी विचारेल, छताला पंखा गरगरत असताना एवढा आटापिटा कशाला? छताच्या पंख्याचा आवाज पसरट आणि एकसारखा असतो. पाच मिनिटांत मन तो बाजूला सारतं. संगणकाचा छोटा पंखा मात्र चिप तापली की चढतो, निवली की उतरतो. बदलणाऱ्या आवाजाकडे दुर्लक्ष करणं मनाला जमत नाही. पडद्यावर दोन माणसं गप्प बसली आहेत, त्या गप्प बसण्यातच सगळं काही आहे, आणि नेमका तेव्हा डबा शीळ घालतो. शिवाय डिसेंबरात छताचा पंखा बंदच असतो.

सिनेमा किती जड असतो

आता साखळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहायला ३ बाइट. एक चित्र झालं ६२ लाख बाइटचं. सेकंदाला अशी २४ चित्रं, आणि सिनेमा दोन तासांचा. गुणाकार करून बघा, उत्तर १ टेराबाइटच्या थोडं वर जातं. म्हणजे बाजारात मिळणारी १ टेराबाइटची डिस्क एका सिनेमानं भरेल.

प्रत्यक्षात तोच सिनेमा ७ गिगाबाइटच्या फाइलमध्ये आरामात बसतो आणि डोळ्याला फरक कळत नाही. जवळजवळ दीडशे पट आकसलेला! ही जादू दोन युक्त्यांची आहे.

पहिली युक्ती क्रिकेटच्या रेडिओ समालोचकाची. तो प्रत्येक चेंडूला मैदान, गवत आणि प्रेक्षक यांचं वर्णन पहिल्यापासून करत नाही. काय बदललं तेवढं सांगतो. व्हिडिओची फाइलही तेच करते. एक चित्र पूर्ण साठवते आणि पुढच्या चित्रांसाठी 'हा चौकोन तीन ठिपके डावीकडे सरकला' एवढंच टिपून ठेवते. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' आठवा. कॅमेरा हलत नाही, न्यायालयाची खोली तशीच, माणसं तेवढी अधूनमधून हलतात. अशा दृश्यात सांगण्यासारखं फार थोडं असतं. उलट 'तुंबाड'मधला पाऊस. प्रत्येक थेंब प्रत्येक चित्रात नव्या जागी, मागच्या चित्रावरून पुढच्याचा अंदाज बांधणं अवघड. दोन्ही सिनेमे सारख्याच ताकदीचे, पण यंत्राला पाऊस फार जड जातो.

दुसरी युक्ती जास्त खोल आहे, आणि तिच्यामागे बंगळूरमध्ये १९४० साली जन्मलेला माणूस आहे. नासिर अहमद यांचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते. अभियांत्रिकी बंगळूरला शिकून ते अमेरिकेत गेले आणि कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवू लागले. चित्र दाबून लहान करण्याची एक रीत त्यांना सुचली. १९७२ साली त्यांनी तिच्यासाठी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितलं. ते नाकारलं गेलं. कल्पना फारच साधी आहे, असं एका परीक्षकाचं म्हणणं पडलं. अहमद थांबले नाहीत. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत त्यांनी १९७४ साली ती रीत प्रसिद्ध केली. तिचं नाव डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म.

कल्पना खरंच साधी आहे. तीन-चार पट्ट्या एकदम दाबल्या, तरी तयारीचा पेटीवाला त्यातले स्वर वेगवेगळे ओळखतो. चित्राचंही तसंच करता येतं. आठ गुणिले आठ ठिपक्यांचा एक चौकोन घ्या, ६४ आकड्यांचा. तो चौकोन म्हणजे ६४ ठरावीक नक्ष्यांची कमीजास्त प्रमाणातली बेरीज, असं मांडता येतं. पहिली नक्षी अगदी सपाट, म्हणजे चौकोनाची सरासरी उजळता. मग हळूहळू उजेडाकडून अंधाराकडे जाणाऱ्या, आणि शेवटी बुद्धिबळाच्या पटासारख्या बारीक चौकटींच्या. गंमत अशी की भिंत, आकाश, गाल अशा बहुतेक चौकोनांत पहिल्या चार-पाच नक्ष्यांवरच भागतं. उरलेल्या जवळजवळ शून्य असतात, आणि त्यांतल्या अतिबारीक नक्ष्या डोळ्याला तशाही दिसत नाहीत. त्या गाळून टाकायच्या. ६४ आकड्यांच्या जागी पाच-सहा उरले.

मोबाइलमधला जेपेग फोटो, २००३ सालची एच.२६४ पद्धत, २०१३ सालची एचईव्हीसी आणि २०१८ सालची एव्ही१ या सगळ्यांच्या पोटात हीच कल्पना या ना त्या रूपात आहे. ज्या कल्पनेला साधी म्हणून नाकारलं, तिच्यावर आज जगातले जवळजवळ सगळे पडदे चालतात.

सुगरण आणि सोऱ्या

दाबलेला सिनेमा बघायचा तर तो पुन्हा फुलवावा लागतो. नक्ष्यांची बेरीज करून चौकोन बनवायचे, सरकलेले चौकोन जागेवर न्यायचे, आणि हे सेकंदाला चोवीस वेळा. फोरके चित्रात तर ८२,९४,४०० ठिपके. आमचा जुना डेस्कटॉप धापा टाकत होता तो याच कामानं.

त्याचा प्रोसेसर सुगरणीसारखा होता. काहीही रांधेल, पण प्रत्येक पायरीला पाककृती वाचणार, फळीवरून डबा काढणार, मापणार, परत ठेवणार. खरी बेरीज करायला जेवढी वीज लागते, तिच्या कित्येक पट वीज सूचना वाचण्यात आणि आकड्यांची ने-आण करण्यात जाते. नव्या चिपमध्ये एका कोपऱ्यात वेगळीच मंडळी बसलेली असतात, त्यांना हार्डवेअर डीकोडर म्हणतात. हा डीकोडर म्हणजे चकलीचा सोऱ्या. त्याला चकलीशिवाय काही येत नाही. पण पीठ भरून दाबलं, की दुसऱ्या कुणाला जमणार नाही इतक्या सहज चकल्या पडतात. नक्ष्यांची बेरीज करायचे मार्ग त्याच्या अंगातच कोरलेले असतात, पाककृती वाचायची गरजच नाही.

२०२३ च्या सुरुवातीला आलेली इंटेलची एन१०० ही चिप घ्या. तिची उष्णतेची मर्यादा ६ वॉट आखलेली आहे. जुन्या काळी देवघरात लावायचो तो 'झिरोचा' पिवळा दिवासुद्धा याहून जास्त वीज खायचा. अवघड काम आलं की ती घटकाभर ६ वॉटच्या वर जाते, पण फोरके सिनेमा लावला तर काम सोऱ्यावर पडतं आणि चारही कोअर जवळजवळ रिकामे बसून राहतात. अख्खं यंत्र भिंतीतून साधारण १० ते १५ वॉट घेतं. सिनेमात पाऊस लागो की वीज कोसळो, चिपला घाम फुटत नाही.

शांतता सुरू होते ती इथे. चिपनं खाल्लेली सगळी वीज शेवटी उष्णताच होते. जी उष्णता झालीच नाही, ती बाहेर काढायला पंखा लागत नाही.

कुकरच्या उलट

तरी थोडी उष्णता उरतेच, आणि तिच्यातली बरीचशी नखाएवढ्या तुकड्यातून निघते. तिला वाट करून द्यावी लागते. या वाटेवर मला सर्वात जास्त नवल वाटलं ते तांब्याच्या एका नळीचं.

तिचं नाव हीट पाइप. पेन्सिलीएवढी जाड, दोन्ही टोकं बंद. आत पाण्याचे काही थेंब, आणि हवा पूर्ण काढून घेतलेली. कळसूबाईवर चहा केला असेल त्याला ठाऊक असेल, तिथे पाणी १०० अंशांना उकळत नाही, सुमारे ९५ ला उकळतं, कारण हवेचा दाब कमी. कुकरमध्ये उलटं. दाब वाढतो, म्हणून पाणी १२० अंशांपर्यंत जातं आणि डाळ लवकर शिजते. हीट पाइप म्हणजे कुकरच्या नेमकं उलट. दाब इतका कमी, की पाणी ३५-४० अंशांनाही उकळू लागतं.

चिपला टेकलेल्या टोकाशी पाण्याची वाफ होते. वाफ होताना पाणी प्रचंड उष्णता गिळतं. ती वाफ दुसऱ्या गार टोकाकडे धावते, तिथे पुन्हा पाणी होते आणि गिळलेली उष्णता ओकते. मग ते पाणी परत कसं येतं? पंप नाही, मोटर नाही. नळीच्या आतल्या भिंतीला तांब्याच्या बारीक भुकटीचं अस्तर असतं आणि पाणी त्यातून चढत परत येतं, समईत तेल वातीतून वर चढतं तसं. वात जळते तिथे तेल पोचतं, चिप तापते तिथे पाणी पोचतं. कित्येक वर्षं हे चक्र आवाजाशिवाय चालू राहतं. न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये ही नळी घडवली, ती अंतराळयानांतली उष्णता वाहून नेण्यासाठी. ती आज आपल्या टीव्हीखाली सिनेमा बघायला मदत करते.

पंखा नसलेल्या कॅबिनेटमध्ये नळ्यांचं दुसरं टोक डब्याच्या जाड ॲल्युमिनियमच्या भिंतीत खोचलेलं असतं. त्या भिंतीला बाहेरून उभ्या पन्हाळी पाडलेल्या असतात. पन्हाळींतली हवा तापते, हलकी होते, वर जाते आणि खालून गार हवा तिची जागा घेते. डबा स्वतःच श्वास घेतो. म्हणून पन्हाळी उभ्याच राहायला हव्यात आणि डबा टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात कोंडायचा नाही. चारी बाजूंना हातभर नाही, तरी वीतभर जागा हवी.

विदर्भातल्या वाचकाला शंका येईल, मे महिन्यात काय? हिशोब सोपा आहे. डबा खोलीपेक्षा किती अंश जास्त तापेल हे वॉटवर ठरतं, गावावर नाही. चिप खोलीपेक्षा ३० अंश वर जात असेल, तर पुण्यात २५ अंशांच्या खोलीत ती ५५ ला राहील आणि नागपुरात ४० अंशांच्या खोलीत ७० ला. एन१०० ची शेवटची मर्यादा १०५ अंश आहे. डब्याला हात लावला तर चटका बसल्यासारखं वाटेल, पण चिप सुखात असते. आणि पंखाच नाही म्हटल्यावर धूळ आत ओढली जात नाही. आपल्याकडच्या धुळीत हा लहान फायदा नव्हे.

मोठा पंखा, संथ पंखा

जास्त ताकदीची चिप हवी असेल, संगणकावर खेळही खेळायचे असतील, तर पंख्याशिवाय भागत नाही. मग पंखा मोठा घ्या आणि संथ फिरवा. १२० मिलिमीटरच्या पंख्याचं क्षेत्रफळ ४० मिलिमीटरच्या पंख्याच्या नऊपट असतं. तेवढीच हवा तो कितीतरी सावकाश ढकलू शकतो. पंख्याचे फेरे निम्मे केले की आवाज साधारण १५ डेसिबलनं उतरतो.

यात कानाचीही साथ मिळते. सात पात्यांचा छोटा पंखा मिनिटाला ६,००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ७०० वेळा एखादं पातं हवा कापतं. ७०० हर्ट्झची ही शीळ कान चटकन पकडतो. सात पात्यांचाच मोठा पंखा ६०० फेऱ्यांनी फिरला तर स्वर ७० हर्ट्झचा, खर्जातला. खालचे स्वर आपल्याला मुळातच कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली मोजून दाखवलं. त्यामुळे संथ पंख्याचा उरलासुरला आवाजही कान सोडून देतो.

शोकेसचा भोपळा

पंखा गेला, तरी हार्ड डिस्क बोलतच असते. मिनिटाला ५,४०० फेरे म्हणजे सेकंदाला ९०. डिस्कची ही थरथर स्वतः फार मोठी नसते. पण डिस्क लाकडी शोकेसवर ठेवली की काय होतं? मिरजेचे कारागीर तंबोऱ्याला भोपळा का लावतात ते आठवा. नुसती तार छेडली तर जेमतेम ऐकू येते. भोपळा आणि तबली तिचा कंप उचलून हवेत पसरवतात, तेव्हा खोली भरते. आपलं शोकेस डिस्कसाठी नेमकं भोपळ्याचं काम करतं.

म्हणून हॉलमधल्या डब्यात एसएसडी हवी. तिच्यात काहीही फिरत नाही. संग्रह मोठा असेल तर फिरणाऱ्या डिस्क दुसऱ्या खोलीत, माळ्यावर किंवा जिन्याखाली ठेवा आणि लॅनची तार ओढून घ्या. फोरके ब्लू-रे चकतीचा वेगसुद्धा सेकंदाला सव्वाशे मेगाबिटच्या आसपास संपतो, आणि साधी गिगाबिट लॅन १,००० मेगाबिट वाहते.

चोवीस, पन्नास, साठ

डबा गप्प झाल्यावर डोळा तक्रार करू लागतो. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा आणि टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा. ६० ला २४ नं भाग जात नाही. मग टीव्ही एक चित्र तीनदा दाखवतो, पुढचं दोनदा, पुन्हा तीनदा. एक चित्र ५० मिलिसेकंद टिकतं आणि पुढचं ३३. कॅमेरा सावकाश डोंगररांगेवरून फिरतो तेव्हा ही लंगडी चाल दिसते, दृश्य बारीक गचके खात सरकतं. संगणकाला सांगून टीव्ही २४ वर आणला, की प्रत्येक चित्राला सारखा वेळ मिळतो आणि डोंगर लोण्यावरून सरकावे तसे सरकतात.

आमच्या कॅसेटची कथा आणखी वेगळी. १९८२ साली दूरदर्शन रंगीत झालं ते पाल पद्धतीनं, सेकंदाला २५ चित्रं. पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत येतं. आधी एकाआड एक रेघा, मग मधल्या राहिलेल्या रेघा. म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रं. दोन अर्ध्यांच्या मधल्या, सेकंदाच्या पन्नासाव्या भागात आजीचा हात थोडा पुढे गेलेला असतो. दोन्ही अर्धी एकत्र चिकटवली, तर हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा उमटतात. जात्याचा स्थिर खालचा दगड स्वच्छ दिसतो आणि फिरणारा हात फाटलेला. यावरचा उपाय म्हणजे डीइंटरलेसिंग. चिप प्रत्येक अर्ध्या चित्रातल्या गाळलेल्या रेघा आजूबाजूच्या आणि आधीच्या रेघांवरून भरते, आणि ५० पूर्ण चित्रं तयार करते. टीव्ही ५० हर्ट्झवर लावला, तेव्हा आजीचा हात पहिल्यांदा अखंड फिरताना दिसला. कॅसेट उतरवून घेणाऱ्याला मात्र आधीच सांगावं लागतं, की दोन्ही अर्धी जशीच्या तशी ठेव, एक टाकून देऊ नकोस.

तेरावी तार

घरातल्या वडीलधाऱ्यांना कीबोर्ड आणि माउस देऊन सोफ्यावर बसवलं, तर तो डबा महिन्याभरात अडगळीत जातो. त्यांना हातातला टीव्हीचाच रिमोट हवा असतो. त्याची सोय एचडीएमआयच्या तारेतच केलेली आहे. तिच्या १९ पिनांपैकी तेराव्या पिनेवर सीईसी नावाची एकच तार असते. चित्राच्या तारा सेकंदाला अब्जावधी बिट वाहतात, आणि त्यांच्या शेजारची ही सेकंदाला सुमारे ४००. महामार्गाच्या कडेनं एखादा पोस्टमन सायकलवर जावा तसं. पण 'वर', 'खाली', 'थांब' एवढे निरोप पोचवायला सायकल पुरते. टीव्हीचा रिमोट दाबला की निरोप या तारेवरून डब्याला मिळतो. बऱ्याच संगणकांत ही पिन जोडलेलीच नसते, रास्पबेरी पाय या छोट्या संगणकात असते. घेण्याआधी विचारा. नसेल तर छोटा यूएसबी अडॅप्टर मिळतो.

जोडणी

आता हात घालू. व्हीआयए कंपनीनं २००१ साली आणलेला मिनी-आयटीएक्स हा मदरबोर्डचा आकार अजून चालतो, १७ सेंटीमीटर लांब-रुंद, साधारण एका पोळीएवढा. त्यावर एन१०० चिप आधीच डाख देऊन बसवलेली मिळते. जोडीला ८ जीबी रॅम, २५० जीबीची एसएसडी, पंखा नसलेलं ॲल्युमिनियमचं कॅबिनेट आणि लॅपटॉपसारखा बाहेरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर. वीज पुरवणारा एसएमपीएस आत नसल्यामुळे त्याचाही पंखा गेला.

हात सर्वात हळू चालवायचा तो थर्मल पेस्ट लावताना. चिप आणि तांब्याचा ठोकळा दोन्ही आरशासारखे गुळगुळीत दिसतात, पण सूक्ष्मदर्शकाखाली ते डोंगरदऱ्यांचे प्रदेश असतात. टेकतात ती फक्त शिखरं, दऱ्यांत हवा उरते. तांबं हवेपेक्षा सुमारे पंधरा हजार पट चांगलं उष्णता वाहतं, म्हणजे ती हवा म्हणजे रजईच. पेस्ट त्या दऱ्या भरते. मसुरीच्या डाळीएवढा ठिपका मधोमध ठेवा, ठोकळा सरळ खाली टेकवा आणि चार स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांतले थोडे थोडे करत आवळा, स्टेपनी बदलताना नट आवळतो तसे. जास्त पेस्ट लावली तर तीच रजई होते.

मग लिब्रेलेक ही मोफत प्रणाली पेनड्राइव्हवरून टाका. ती सुरू झाली की थेट कोडी उघडतं, २००२ साली एक्सबॉक्ससाठी सुरू झालेला आणि २०१४ पासून या नावानं ओळखला जाणारा प्लेअर. लिब्रेलेकची मूळ प्रणाली फक्त वाचण्यापुरती उघडते, त्यामुळे सिनेमा चालू असताना वीज गेली तरी ती बिघडण्याची भीती फार कमी. एक गोष्ट आधीच ध्यानात घ्या. पैसे भरून बघायच्या ओटीटी सेवा अशा संगणकावर बहुधा पूर्ण दर्जा देत नाहीत, त्यांची कुलपं तशी असतात. त्या टीव्हीच्या ॲपवरच बघा. हा डबा तुमच्या स्वतःच्या संग्रहासाठी आहे. विकत घेतलेल्या डीव्हीडी, मुलांच्या गॅदरिंगचे व्हिडिओ, लग्नाच्या कॅसेटी यांच्यासाठी.

आमचा डबा आता टीव्हीखाली असतो. तो चालू आहे हे कळायला त्याच्या पाठीवर हात ठेवावा लागतो, कोमट लागला तर चालू. पहिल्या रात्री सगळे जमले, दिवे मालवले आणि तो दोन मिनिटांचा तुकडा लावला. जात्याची घरघर आली, आणि तिच्यावर आजीचा सूर. आईला त्यात असं काही ऐकू आलं, जे इतकी वर्षं कुणालाच ऐकू आलं नव्हतं. ओवी संपता संपता आजी मावशीचं नाव घेते, जवळजवळ पुटपुटत. बंगळूरच्या एका माणसाची साधी कल्पना, समईच्या वातीसारखी चढणारी ती नळी आणि न झालेली उष्णता यांनी मिळून ते एक नाव आमच्यापर्यंत पोचवलं.

तुमच्या कपाटातही अशी कॅसेट असेल. डबा यंदा नाही तर पुढच्या वर्षी बनवाल, त्याचे भाग अजून बरीच वर्षं मिळतील. कॅसेट थांबणार नाही. पट्टीवरचं चुंबकत्व वर्षागणिक विरत जातं, पावसाळी हवेत तिच्यावर बुरशी धरते, आणि ती वाजवणारे व्हीसीआर बनवणारा जगातला शेवटचा कारखाना २०१६ साली बंद झाला. म्हणून आधी ती उतरवून घ्या.